मेथीला भोकं हवीत

किडक्या मेथीची जुडी माझ्या नाकासमोर नाचवत कुणी "बघा, ही खरी सेंद्रिय" म्हणालं की माझं डोकं फिरतं. घरचे म्हणतात, आता निवृत्त झालीस ना, सोड की. सोडते कसली. सगळी नोकरी मी सेंद्रिय शेतीची तपासनीस म्हणून केली आणि पुण्यातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी सेंद्रिय भाजी ओळखायची जी युक्ती शोधून काढली आहे, ती अशी: पानाला भोक असेल तर खरी, नसेल तर खोटी. अळीने खाल्लं म्हणजे औषध मारलेलं नाही. मार्केट यार्डात औषधं मारून मारूनही किडलेला माल रोज उतरतो, तो काय आश्रमातून येतो? औषध उशिरा मारलं, चुकीचं मारलं, पावसाने धुऊन गेलं, तरी भोकं पडतातच. पण हे सांगायला लागलं की समोरचा माणूस माझ्याकडे अशा नजरेने बघतो, की जणू मी औषधाच्या कंपनीची माणूस आहे.

माझं काम काय होतं ते आधी सांगते, कारण पुष्कळांना वाटतं मी भाजी चाखून निकाल द्यायचे. अमुक शेत सेंद्रिय आहे असं प्रमाणपत्र देणाऱ्या एका खाजगी संस्थेत मी नोकरीला होते. शेतकऱ्याने अर्ज केला की आम्ही त्याच्या रानात जायचं. रासायनिक खत आणि औषध बंद केल्यापासून दोन-तीन वर्षं जमिनीला द्यावी लागतात. त्याला रूपांतराचा काळ म्हणतात. तोवर पिकवायचं सेंद्रिय पद्धतीने आणि विकायचं साधं म्हणून. ज्याला हा काळ निभावता येतो, तोच पुढे टिकतो.

रानात गेल्यावर मी पिकाकडे सगळ्यात शेवटी बघायचे. आधी बांधावरून चालत जायचं आणि शेजारी काय फवारतो ते बघायचं, कारण वारा काही सातबारा बघून वाहत नाही. मग फवारणीचा पंप मागायचा आणि त्याच्या तोंडाला नाक लावायचं. मग गोठ्यामागचा उकिरडा. रिकाम्या बाटल्या तिथे सापडतात. एका गृहस्थांनी आईची शपथ घेऊन मला सांगितलं होतं की आमच्या घरात विषाचा थेंब कित्येक वर्षांत आला नाही. बोलणं ऐकत ऐकत मी चहा प्यायले, आणि समोर खिडकीत त्यांच्या सूनबाईंनी कीटकनाशकाच्या कोऱ्या करकरीत बाटलीत मनीप्लँट लावला होता. लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. मी मनीप्लँटची तारीफ केली आणि अर्ज नामंजूर केला.

आणखी एक गोष्ट, ती पुढे लागणार आहे. लहान शेतकऱ्याला हे प्रमाणपत्र एकट्याला झेपत नाही. म्हणून पाचपंचवीस शेतकऱ्यांचा गट करतात आणि सगळ्यांना मिळून एकच प्रमाणपत्र देतात. हा गट बहुतेक वेळा माल घेणारा दुकानदारच बांधतो. म्हणजे घाम शेतकऱ्याचा आणि प्रमाणपत्र दुकानदाराच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत.

असाच एक गट लोणी काळभोरच्या बाजूला होता आणि त्यात शकुंतलाबाई होत्या. नदीच्या अंगाला त्यांची काळी जमीन. नवरा ट्रक चालवायचा, शेती पूर्ण बाईंच्या हाती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हिवाळा होता आणि मेथी कापणीला आली होती. मी वाफ्यात वाकले आणि मला एकही भोक दिसेना. फ्लॉवर बघितला, त्याच्यात अळी नाही. मी संशयी बाई, पोटच त्या संशयावर भरायचं. पंप मागितला, वास घेतला. कडुनिंबाचा वास आला. उकिरडा काठीने उकरला. शेण आणि पाचट याखेरीज तिथे काही नव्हतं.

शकुंतलाबाई कमरेवर हात ठेवून माझा हा खटाटोप बघत होत्या.

"मॅडम, कीड न्हाई म्हनून शोधताय व्हय?"

"माझं कामच आहे ते."

"मग काय किडीला जेवाया घालू? माझं रान हाय, धर्मशाळा न्हाई."

मग त्यांनी मला हाताला धरून सगळं दाखवलं. बांधाने मक्याच्या दाट रांगा लावलेल्या, शेजाऱ्याची फवारणी अडवायला. मध्ये मध्ये झेंडू. पिवळे चिकट सापळे. निंबोळ्या गोळा करून कुटून त्यांचा अर्क. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे बाई स्वतः. उजाडताच वाफ्यावाफ्यातून फिरून पानाखालची अंडी आणि अळ्या हाताने वेचायच्या आणि कोंबड्यांपुढे टाकायच्या. रोज. सण नाही, पाहुणे नाहीत, ताप नाही. मी तरीही नमुना प्रयोगशाळेत पाठवला. निर्मळ आला. त्या दिवसापासून मी नव्या तपासनिसांना सांगायला लागले, की चांगली सेंद्रिय भाजी बघायची असेल तर शकुंतलाबाईंच्या रानात जा.

आता दुकानाकडे येते. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत सुलभाताई राहतात. निवृत्त शिक्षिका, माझ्याहून वयाने थोड्या मोठ्या, माझ्या रोजच्या फिरण्याच्या सोबतीण. यजमानांच्या आजारपणापासून त्यांनी घरात सेंद्रियखेरीज काही आणायचं नाही असा नेम केला होता. पंखे बंद ठेवून, रिक्षा न करता बसने जाऊन ही बाई त्या भाजीसाठी पैसा उभा करायची. एक दिवस त्या मला त्यांच्या दुकानात घेऊन गेल्या. ते होतं याच गटाचं दुकान. भिंतीवर आमच्याच संस्थेचं प्रमाणपत्र होतं. दुकानांची तपासणी मात्र माझ्याकडे नव्हती. ती करणारे आमचे सहकारी आधी फोन करून, वेळ ठरवून जायचे. पाहुण्यांनी जावं तसं.

आत बांबूच्या टोपल्या, मंद दिवे, कुठूनतरी बासरी. मेथीच्या टोपलीवर शकुंतलाबाईंचा हसरा फोटो आणि खाली 'आमच्या शकुंतलाताईंच्या शेतातून'. टोपलीतली मेथी मात्र चाळणी झालेली.

"बघा बघा, जगतापबाई," सुलभाताई जुडी उचलून म्हणाल्या, "किती भोकं. मनाला कसं समाधान वाटतं."

मला समाधान वाटलं नाही. ज्या बाईने उजाडताच वाकून एकेक अळी वेचायची, तिच्या फोटोखाली हे? पलीकडच्या टोपलीत गाजरं होती, मातीने माखलेली. अगदी आत्ता उपटल्यासारखी. मी एक उचललं आणि अंगठ्याने चोळलं. माती लाल होती. लोणीच्या त्या शिवारात लाल माती औषधालाही सापडायची नाही. शिवाय जमिनीतून काढलेल्या गाजराला बारीक तंतुमुळं असतात आणि देठाच्या खाचेत माती घट्ट बसलेली असते. या गाजराची खाच स्वच्छ होती आणि अंग गुळगुळीत. मार्केट यार्डात गाजर येतं ते यंत्रात धुऊन, घासून, चकचकीत होऊन. कुणीतरी ते धुतलेलं गाजर घेऊन त्याला पुन्हा माती फासली होती.

मी भर दुकानात हसले. सुलभाताईंना वाटलं मी खूश झाले. त्यांनी गाजरं घेतली.

दुसऱ्या दिवशी मी शकुंतलाबाईंकडे गेले. विचारलं, गाजर कधी लावलंत?

"गाजर? मी कुटं लावलंय गाजर. गटात बी कुणी न्हाई लावत."

"आणि तुमची मेथी दुकानात जाते ना?"

बाईंनी हातातला विळा बांधावर ठेवला. मग म्हणाल्या, "जात हुती. आता न्हाई घेत फारशी. दुकानाचं साहेब म्हनले, ताई, तुमची भाजी लय चांगली दिसती, गिऱ्हाइकाला पटत न्हाई. वाईच किडकी द्या."

"मग तुम्ही काय करता?"

"टेम्पोत घालती आन् यार्डात नेती. तितं चांगल्याला चांगलं म्हनत्यात."

मी तिथे बांधावर बसले. माझ्या लक्षात आलं ते असं, की बाईंची अस्सल सेंद्रिय मेथी मार्केट यार्डात साधी म्हणून विकली जात होती, आणि यार्डातली कुणी न घेतलेली किडकी मेथी बाईंच्या फोटोखाली सेंद्रिय म्हणून विकली जात होती. सोलापूर रस्त्याने दोन्ही टेम्पो एकमेकांना ओलांडून जात असतील. हातगाडीवरून जी कुणी बाई भावाची घासाघीस करून साधी मेथी घेत होती तिच्या पोटात अमृत, आणि बसने जाऊन पैसे साठवणाऱ्या सुलभाताईंच्या आजारी नवऱ्याच्या ताटात विष. इतका संताप मला नोकरीत आधी कधी आला नव्हता.

नियमात न सांगता तपासणी करण्याची सोय होती, कुणी वापरत नव्हतं एवढंच. मी वरिष्ठांकडून तशी परवानगी घेतली आणि भर दुपारी दुकानामागच्या गोदामात शिरले. प्लॅस्टिकच्या टबात लाल मातीचा चिखल कालवलेला. शेजारी नर्सरीतून आणलेलं कुंड्यांच्या मातीचं पोतं. भिंत रंगवायचा ब्रश. आणि यार्डाच्या जाळीच्या पोत्यांमध्ये चकचकीत गाजरं, न्हाऊनधुऊन मेकअपसाठी बसलेली.

दुकानाचा मालक निनाद धावत आला. आयटीतली नोकरी सोडून मातीशी नातं जोडलेला तरुण, असं त्याच्या दुकानातल्या पाटीवर लिहिलं होतं. नातं जोडायचं सामान टबात तयारच होतं.

"मॅम, प्लीज समजून घ्या. कस्टमरला ऑथेंटिक फील लागतो. हे फक्त प्रेझेंटेशन आहे."

"आणि गाजर?"

"सप्लाय कमी पडला की थोडं बाहेरून घ्यावं लागतं. सगळेच घेतात. लोकांना बाराही महिने सगळं हवं असतं. नाही म्हटलं की ते दुसऱ्या दुकानात जातात."

"आणि शकुंतलाबाईंची चांगली मेथी का परत पाठवता?"

"मॅम, ती कुणी घेत नाही हो. इतकी परफेक्ट बघितली की लोक म्हणतात फवारलेली आहे. मी कुणाकुणाला एक्सप्लेन करू? त्यापेक्षा त्यांना जे बघायचंय ते दाखवतो." मग त्याने टबाकडे बोट दाखवलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "आणि माती तर शंभर टक्के ऑरगॅनिक आहे."

मी त्याच्या कानाखाली वाजवली नाही, याचं श्रेय माझ्या आईवडिलांना आहे.

अहवाल लिहिला. फोटो लावले. गाजरांचा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि अपेक्षेप्रमाणे औषधांची जत्रा घेऊन परत आला. आमच्या समितीने प्रमाणपत्र रद्द केलं. मी खूश व्हायला हवं होतं. पण प्रमाणपत्र होतं गटाचं. ते रद्द झालं म्हणजे गटातल्या प्रत्येकाचं झालं. मी समितीसमोर उभी राहून सांगितलं, की शकुंतलाबाईंचं रान मी स्वतः तपासलंय, त्यांना वेगळं काढा. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा पुसत विचारलं, "नियमात तसं कलम दाखवता का?" कलम नव्हतं. गट बुडाला की सगळे बुडाले. नव्या गटात जायचं तर रूपांतराचा काळ पुन्हा पहिल्यापासून, असं त्यांनी ठरवलं. ज्या जमिनीत विषाचा थेंब गेलेला नाही तिने कशातून कशात रूपांतर करायचं, असं मी विचारलं. तो मुद्दा इतिवृत्तात घेतला गेला नाही.

बाईंना ही बातमी कार्यालयाने पत्राने कळवली असती. मी स्वतः गेले. त्या अंगणात निंबोळ्या निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचे हात थांबले नाहीत.

"मॅडम, माझ्या रानात काय घावलं?"

"काही नाही सापडलं."

"मग कागद माझा का फाडला?"

मी नियम समजावून सांगायला लागले. अर्ध्यावर मलाच माझ्या बोलण्याची लाज वाटली. बाईंनी मला चहा दिला. आणि पुन्हा निंबोळ्या निवडायला बसल्या.

निनादचं काय झालं म्हणाल तर उत्तम झालं. त्याने जुनी पाटी काढली आणि नव्या पाटीवर 'नॅचरल' लिहिलं. सेंद्रिय म्हणून विकायला प्रमाणपत्र लागतं. 'नैसर्गिक' म्हणायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, धोतऱ्याचं फळसुद्धा नैसर्गिकच असतं. बासरी तीच, टोपल्या त्याच. फोटो तेवढा बदलला.

सुलभाताई माझ्यावर आठवडाभर रुसल्या. चुकलेल्या माणसावर रुसावं तशा नव्हे, सण बिघडवणाऱ्यावर रुसावं तशा. मी त्यांना गाजराचा अहवाल वाचून दाखवला तर म्हणाल्या, "गाजराचं असेल हो. पण मेथीची भोकं तरी खरी होती ना?" आणि पुढच्या आठवड्यापासून 'नॅचरल'मध्ये जायला लागल्या.

खरी सेंद्रिय भाजी ओळखायची कशी, असं लग्नाच्या पंगतीत मला अजून विचारतात. मी सांगते. डोळ्यांनी ओळखता येत नाही. प्रमाणपत्र कुणाच्या नावाचं आहे, कुठल्या पिकाचं आहे आणि त्याची मुदत आहे का, ते वाचा. सुट्या भाजीला पाटीवर जाऊ नका, शेत कुठे ते विचारा आणि एकदा खरंच जाऊन या. लोणी काही परदेशात नाही. कीड पडली की काय करता, हे शेतकऱ्याला विचारा. खरं करणारा तासभर बोलेल, खोटा म्हणेल आमच्याकडे कीड पडतच नाही. आणि जो विक्रेता 'आज नाही, हंगाम संपला' म्हणतो त्याला सोडू नका. इथपर्यंत ऐकलं की विचारणारा म्हणतो, "ते ठीक आहे, पण पटकन बघून कसं कळेल?" मग मी मठ्ठा पिते.

निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, की कागद राहू दे बाजूला, शकुंतलाबाईंची भाजी आपणच आपल्या सोसायटीत आणायची. त्यांचा नवा रूपांतराचा काळ अजून चालूच होता. सेंद्रिय हा शब्द वापरायचा नाही, फक्त भाजी आणायची आणि मी शेजारी उभं राहून लोकांना सांगायचं की हे रान मी बघितलंय. बाई तयार नव्हत्या. "तुमच्या पुन्याच्या बायांला न्हाई पटायचं," म्हणाल्या. मी म्हटलं, मी आहे ना.

पहिल्या रविवारी त्या टेम्पो घेऊन आल्या. फाटकाशी कापड अंथरून मेथी मांडली. हिरवीगार, पानन् पान अखंड. सोसायटीतल्या बायका आल्या, जुड्या उलटसुलट करून बघितल्या आणि एकमेकींकडे बघितलं. "इतकी स्वच्छ?" एक म्हणाली. दुसरी हळूच म्हणाली, "आपल्याला काय कळतंय." मी बोलून बोलून घसा बसवला. मक्याच्या रांगा सांगितल्या, निंबोळ्या सांगितल्या, हाताने अळ्या वेचणं सांगितलं. सुलभाताई कौतुकाने ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एक जुडी माझ्याकडे बघून घेतली, मेथीकडे बघून नव्हे. बाकीची भाजी बाईंनी टेम्पोत भरली आणि टेम्पो यार्डाकडे गेला. तिसऱ्या रविवारपर्यंत हेच.

चौथ्या रविवारी बाईंनी कापडावर दोन ढीग मांडले. एक नेहमीचा. दुसऱ्या ढिगातल्या मेथीची पानं चाळणी झालेली होती.

मला वाटलं यार्डातून उचलली. माझं तोंड बघून बाई म्हणाल्या, "माझीच हाय मॅडम. दोन वाफे आता येचत न्हाई मी."

त्या वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात उतरेपर्यंत सुलभाताई आल्या. किडक्या ढिगापाशी थांबल्या, जुडी उचलली, उजेडात धरून भोकांतून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो जगतापबाई, आज खरी आणलीय हं यांनी," म्हणाल्या आणि दोन जुड्या घेतल्या. मग हाका मारून बाकीच्यांना बोलावलं. बघता बघता तो ढीग संपला.  बोलून काय सांगणार होते? ती भाजी खरीच होती.

चांगला ढीग होता तसाच राहिला. बाईंनी त्या ढिगातली एक जुडी माझ्या हातात दिली, बाकीच्या यार्डासाठी टेम्पोत टाकल्या आणि कापड झटकून त्याची घडी केली. पुढे ड्रायव्हरशेजारी बसताना त्या माझ्याकडे वळल्या.

"शेवटी किडीला जेवाया घातलंच की वो मॅडम," म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.